चेहरा नसलेली बाई

टॉम आणि जेरीच्या घरातली बाई कशी दिसते, असं कुणालाही विचारा. वर्णन कमरेच्या वर जातच नाही. जाडजूड सावळे पाय, पायांत सपाता, रंगीत झगा, त्यावर एप्रन आणि हातात झाडू. आवाज खणखणीत. घरात काही फुटलं की झाडू टॉमच्या पाठीत बसायचा आणि शेवटी त्याची रवानगी थेट दाराबाहेर. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं आणि शाळेतून आल्या आल्या दप्तर फेकून टीव्हीसमोर बसणाऱ्या आपल्याकडच्या पोरांनीही ही बाई पाहिली ती अशीच, अर्धी. बहुतेकांनी तिला घराची मालकीण मानलं. घर ती सांभाळते, हुकूम ती सोडते, मांजर तिला घाबरतं, मग मालकीण तीच! ती दुसऱ्या कुणाच्या घरात राबणारी असेल असा संशय यायला अमेरिकेचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

१९४० च्या अमेरिकन प्रेक्षकाला तो ठाऊक होता. पडद्यावर नुसते पाय आले तरी त्याला बाई कळत होती. गोऱ्यांच्या घरातली काळी स्वयंपाकीण. लठ्ठ, तोंडाळ, आतून मायाळू, आणि स्वतःचं घरदार, मुलंबाळं, दुखणीखुपणी काहीच नसलेली. या साच्याला तिकडे 'मॅमी' म्हणत. गुलामगिरीच्या आठवणींना साखरेत घोळवणाऱ्या कादंबऱ्यांत ती होती, नाटकांत होती, पॅनकेकच्या पिठाच्या खोक्यावर होती. 'गॉन विथ द विंड' या चित्रपटात तीच भूमिका करून हॅटी मॅकडॅनियल या अभिनेत्रीनं ऑस्कर मिळवलं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली काळी कलाकार. ते साल १९४०, महिना फेब्रुवारी. त्या समारंभात तिला बाकीच्या नटमंडळींबरोबर बसवलं नव्हतं. भिंतीकडेला वेगळं टेबल दिलं होतं. त्याच महिन्यात एमजीएम स्टुडिओनं विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांचं एक छोटं कार्टून चित्रपटगृहांत पाठवलं, 'पुस गेट्स द बूट'. टॉम-जेरीचं हे पहिलं कार्टून. टॉमचं नाव तेव्हा जॅस्पर होतं. बाई मात्र पहिल्या दिवसापासून तयार होती. 'मॅमी टू शूज' या नावानं अभ्यासक तिला ओळखतात.

त्या पहिल्या कार्टुनातच तिच्या वाट्याला आलेला एक विनोद बघा. आणखी एक वस्तू फुटली तर तुला घराबाहेर काढीन, असं ती मांजराला बजावते आणि 'आउट' या शब्दाचं एकेक अक्षर फोडून सांगते. ती म्हणते, ओ, डब्ल्यू, टी. प्रेक्षक हसतो. कशाला हसतो? बाईला तीन अक्षरी शब्द लिहिता येत नाही याला. पुढे मांजर आणि उंदीर काचेच्या भांड्यांचा जो धुमाकूळ घालतात त्याच्याशी या विनोदाचा काही संबंध नाही. तो काढून टाकला तरी कथेचा टाकाही उसवत नाही. असे विनोद कथेला लागत नसतात, पण सवयीला लागतात.

मारधाडीच्या विनोदाचा, म्हणजे ज्याला स्लॅपस्टिक म्हणतात त्याचा, एक अलिखित कायदा आहे. मार खाणारा पुढच्या दृश्यात धडधाकट उभा असतो. टॉम इस्त्रीखाली सपाट होतो, त्याचे दात फुटक्या काचेसारखे खळाखळा गळतात, त्याचा अकॉर्डियन होतो, आणि दोन सेकंदांत तो पुन्हा टॉम. म्हणून या कार्टुनांत कोण किती मार खातो यावरून अपमानाचा हिशेब करता येत नाही. सर्वांत जास्त मार टॉम खातो आणि सर्वांत जास्त जिवंत चेहराही त्याचाच आहे. अर्व्ह स्पेन्स, केन म्यूज, एड बार्ज, रे पॅटरसन असे एकाहून एक अ‍ॅनिमेटर त्या चेहऱ्यावर खपले. टॉमची धूर्त भुवई, मार बसण्याआधीच्या अर्ध्या सेकंदातलं त्याचं शहाणपण, पकडला गेल्यावरचं ओशाळं हसू. जेरीचं तसंच. बुलडॉगचं तसंच. चिमुकल्या बदकाच्या पिल्लालाही चेहरा आहे. त्या घरात चेहरा नाही तो एकाच जिवाला.

याचं तांत्रिक उत्तर तयार असतं आणि ते खोटं नाही. कथा मांजर-उंदराची, म्हणून कॅमेरा जमिनीलगत. तिथून माणसाचे पायच दिसणार. शिवाय अ‍ॅनिमेशनमध्ये माणसाचं तोंड काढणं म्हणजे डोकेदुखी. प्राणी जरा वेडावाकडा हलला तर खपतो, माणूस हलला की प्रेक्षकाच्या लगेच डोळ्यात येतो. डिस्नेनं १९३५ च्या 'थ्री ऑर्फन किटन्स'मध्ये काळ्या मोलकरणीचे नुसते पाय दाखवले होते आणि त्या कार्टुनाला ऑस्करही मिळालं होतं. म्हणजे युक्ती आयती हाताशी होती.

पण मग १९५६ पाहा. मॅमी टू शूज १९५२ च्या 'पुश-बटन किटी'नंतर पडद्यावरून गेलेली आहे. टॉमचं घर आता एका गोऱ्या जोडप्याचं आहे. सुरुवातीला त्यांचेही पायच दिसतात. आणि मग 'बिझी बडीज'मध्ये मूल सांभाळायला एक गोरी मुलगी येते, जेनी तिचं नाव. ती टेलिफोनवर तासन्‌तास गप्पा मारते, बाळ रांगत सुटतं, मांजर-उंदीर जीव टाकून त्याला वाचवतात. जेनीला चेहरा आहे. कॅमेऱ्याची उंची तीच, हॅना-बार्बेरा तेच, माणसाचं तोंड काढण्याची डोकेदुखी तीच. बारा वर्षांत जे जमलं नाही ते जमवायचं ठरवल्यावर लगेच जमलं.

(मॅमीचा चेहरा एकदा चुकून दिसतो. १९५० च्या 'सॅटर्डे इव्हनिंग पुस'मध्ये ती मैत्रिणींबरोबर पत्ते खेळायला नटूनथटून क्लबात गेलेली असते. घरात मांजरांनी जाझचा गोंधळ घातलाय असं जेरी फोन करून कळवतो आणि ती कॅमेऱ्याच्या दिशेनं धावत सुटते. काही फ्रेममध्ये तिचं तोंड येऊन जातं. सिनेमाघरात बसलेल्या माणसाला ते टिपणं शक्यच नव्हतं.)

आता थोडं मागं जायला हवं, कारण हा साचा हॅना-बार्बेरांनी घडवला नव्हता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत 'मिन्स्ट्रेल शो' नावाचा करमणुकीचा प्रकार होता. गोरे नट जळलेल्या बुचाची काजळी तोंडाला फासायचे, ओठ मोठे रंगवायचे, पांढरे हातमोजे घालायचे आणि काळ्या माणसांची नक्कल करायचे. आळशी, भित्रा, कलिंगडावर तुटून पडणारा, सतत नाचणारा काळा माणूस त्या रंगमंचानं देशभर पोचवला. पहिल्या पिढीतले कार्टूनवाले हा तमाशा बघत वाढले होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ह्यू हार्मन आणि रूडॉल्फ आयसिंग यांनी बॉस्को नावाचं पात्र तयार केलं. कॉपीराइटच्या नोंदीत त्याचं वर्णन 'निग्रो मुलगा' असं होतं. वॉर्नरच्या 'लूनी ट्यून्स' मालिकेचा पहिला नायक हाच. तोंड काळं, ओठांभोवतीचा भाग गोरा, हात पांढरे. निकोलस सॅमंड या अभ्यासकानं तर असं मांडलं आहे की कार्टुनांतल्या एकूणच पांढऱ्या हातमोज्यांच्या, न थकणाऱ्या, न मरणाऱ्या नायकांचं कूळ या मिन्स्ट्रेल रंगमंचावर शोधता येतं. मिकी माऊसचे हातमोजे त्या नजरेनं एकदा पाहिले की पुन्हा पूर्वीसारखे दिसत नाहीत.

त्या रंगमंचाची सर्वांत टिकाऊ खूण मात्र स्फोटात सापडते. टॉमच्या हातात बॉम्ब फुटतो. धूर निवळतो. टॉमचं तोंड काळंकुट्ट, ओठ फुगलेले, डोळे वटारलेले, आणि डोक्यावर रिबिनी बांधलेल्या बारीक बारीक वेण्या. दोन सेकंद. मग पुढचं दृश्य, टॉम पुन्हा करडा. हा प्रकार टॉम-जेरीत वारंवार येतो आणि त्या काळातल्या इतर स्टुडिओंतही येतो. इथे हशा स्फोटावर नाही. स्फोट तर दर मिनिटाला होतात. हशा आहे मांजर क्षणभर काळा माणूस झालं याच्यावर. चपटं होणं, अकॉर्डियन होणं, काळं होणं हे सगळे एकाच रांगेतले अपघात. टॉमच्या बाबतीत तो अपघात पुसला जातो. ज्यांच्या अंगाचा रंगच तो होता त्यांचं काय, असा प्रश्न चित्रपटगृहाच्या वेगळ्या दारानं आत येऊन माडीवरच्या राखीव बाकांवर बसणाऱ्या काळ्या प्रेक्षकाला पडत असणारच.

१९४८ च्या 'माउस क्लीनिंग'चा शेवट या गमतीचा कळस आहे. घर स्वच्छ ठेव नाहीतर खैर नाही, असा दम बाईनं टॉमला दिलेला. जेरीच्या करामतीनं घरात कोळशाचा लोंढा येतो. कोळशानं माखलेला टॉम बाहेर निघतो तेव्हा बाई त्याला ओळखत नाही. इथे कुठे मांजर पाहिलंस का, असं विचारते. टॉम रेंगाळत्या, झोपाळू आवाजात उत्तर देतो. तो आवाज स्टेपिन फेचिट या काळ्या नटाची नक्कल आहे, ज्यानं तीसच्या दशकात आळशी काळ्या माणसाच्या भूमिका करून पैसा आणि शिव्या दोन्ही भरपूर मिळवले. म्हणजे काळ्या बाईला एका खोट्या काळ्या माणसानं फसवलं, असा हा विनोद. रचना म्हणून तो चोख आहे, वेळ अचूक आहे. हे मान्य केल्याशिवाय या कार्टुनांविषयी प्रामाणिकपणे बोलता येत नाही. ती वाईट बनवलेली असती तर आज त्यांच्यावर कुणी भांडलं नसतं.

त्या बाईला आवाज देणारी होती लिलियन रँडॉल्फ. तिचं नाव कार्टुनाच्या श्रेयनामावलीत कधी आलं नाही. नामावलीत निर्माता म्हणून फ्रेड क्विंबी यांचं नाव ठसठशीत असायचं, संगीतासाठी स्कॉट ब्रॅडली यांचं असायचं. लिलियन मुळात गायिका. डेट्रॉइटच्या एका रेडिओ केंद्रावर काम मिळालं तेव्हा 'काळ्यांसारखं' बोलण्याची तिला तीन महिने शिकवणी घ्यावी लागली. शिकवणारा गोरा होता. काळी माणसं खरंच कशी बोलतात याचा त्या शिकवणीशी काही संबंध नव्हता. गोऱ्या श्रोत्याच्या कानात काळा माणूस जसा बोलतो तसं तिला बोलायचं होतं. ते तिनं आत्मसात केलं आणि त्या जोरावर ती हॉलिवूडच्या सर्वांत जास्त काम असलेल्या काळ्या अभिनेत्रींपैकी एक झाली. 'द ग्रेट गिल्डरस्लीव्ह' या लोकप्रिय रेडिओ मालिकेतली बर्डी ही स्वयंपाकीण तीच. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ' या चित्रपटातली मोलकरीण अ‍ॅनी तीच.

घरी मात्र तिच्या दारात वेगळंच चित्र. हॉलिवूडमध्ये पहिलं काम करायला आलेल्या लीना हॉर्न या तरुण गायिकेकडे हॉटेलपुरते पैसे नव्हते, तेव्हा लिलियननं तिला आपल्या घरात ठेवून घेतलं. युद्धाच्या काळात सैनिकांसाठी तिच्याकडे जेवणावळी व्हायच्या. पडद्यावर दुसऱ्याच्या घरात झाडू घेऊन फिरणारी बाई प्रत्यक्षात स्वतःच्या घरात चार माणसं सामावून घेणारी यजमानीण होती. त्या बाईवर कुणी कार्टून काढलं नाही.

१९४६ मध्ये काळ्या वाचकांच्या 'एबनी' मासिकानं बर्डीच्या भूमिकेवर टीका केली. लिलियननं आणि मालिकेच्या लेखकानं त्याला उत्तर दिलं. तिची बाजू साधी होती. अशा भूमिका आम्ही सोडल्या म्हणून त्या बंद पडणार नाहीत. त्या भूमिकेतला काळा माणूस जाईल आणि तिथे दुसरं कुणी येईल. हॅटी मॅकडॅनियलचा पवित्राही साधारण हाच होता. टीका करणारे म्हणायचे की ही माणसं पोटासाठी सगळ्या समाजाची बदनामी करताहेत. मला यात कुणा एकाची बाजू घेणं अवघड जातं. ज्या स्टुडिओच्या दारात काळ्या बाईला आत यायला एकच चौकट ठेवली आहे, तिथे चौकटीतून वाकून आत जाणारी आणि चौकट मोडा म्हणणारा, दोघंही एकाच भिंतीशी झगडत असतात. भिंत बांधणारे या वादात कुठे दिसतच नाहीत, हे त्यांच्या फार सोयीचं होतं.

युद्धानंतर ती भिंत थोडी हलली. नाझींच्या वंशवादाविरुद्ध लढून आलेल्या काळ्या सैनिकांना घरचा वंशवाद गिळवेना. एनएएसीपी ही काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी जुनी संघटना हॉलिवूडच्या मागे लागली. वॉल्टर लांट्झचं १९४१ चं 'स्क्रब मी मामा विथ अ बूगी बीट' हे कार्टून १९४८ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आलं. त्यात 'लेझी टाउन' नावाचं गाव आहे आणि गावातली काळी माणसं, कुत्री, कोंबड्या सगळी इतकी आळशी की भांडतानाही झोपतात. संघटनेनं निषेध केला आणि १९४९ मध्ये युनिव्हर्सलनं ते मागं घेतलं. गोऱ्या प्रेक्षकाची सवय म्हणजे सर्वांची चव नव्हे, हे एका मोठ्या स्टुडिओला समजावून सांगावं लागलं.

त्याआधी १९४३ मध्ये वॉर्नरच्या बॉब क्लॅम्पेटचं 'कोल ब्लॅक अँड डी सेबन ड्वार्फ्स' येऊन गेलं होतं. हे प्रकरण गुंतागुंतीचं आहे. स्नो व्हाइटची ही जाझ आवृत्ती. जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनच्या 'जंप फॉर जॉय' या १९४१ च्या लॉस एंजेलिसमधल्या प्रयोगानं क्लॅम्पेट भारावला होता. नाच अस्सल यावा म्हणून तो आपल्या अ‍ॅनिमेटरांना क्लब अलाबाममध्ये घेऊन गेला. लिलियन रँडॉल्फ एकेकाळी गायची तो हाच क्लब. आवाजासाठी त्यानं व्हिव्हियन डँड्रिज आणि तिची आई रूबी डँड्रिज यांच्यासारखे काळे कलाकार घेतले. संगीतासाठी त्याला काळ्या वादकांचा ताफा हवा होता, पण निर्माते लिऑन श्लेसिंगर यांनी जवळजवळ सगळं काम नेहमीच्या कार्ल स्टॉलिंगकडेच ठेवलं. वेग, लय, रंग या बाबतीत ते त्या दशकातलं एक अफाट कार्टून आहे. आणि त्यातला प्रत्येक चेहरा मिन्स्ट्रेल रंगमंचावरून उचललेला आहे: जाड ओठ, सोन्याचा दात, दातांच्या जागी जुगाराचे फासे. प्रेम होतं, कौतुक होतं, अस्सल कलावंत होते. फक्त चित्र काढणाऱ्या हाताला काळ्या माणसाचं तोंड दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं काढतात हे माहीतच नव्हतं. एनएएसीपीनं तेही मागं घ्यायला सांगितलं. वॉर्नरनं ऐकलं नाही. १९६८ मध्ये हक्क युनायटेड आर्टिस्ट्सकडे असताना ते आणि आणखी दहा कार्टुनं टीव्हीवर दाखवायची नाहीत असं ठरलं. 'सेन्सॉर्ड इलेव्हन' या नावानं ती अकरा अजून प्रसिद्ध आहेत. बंदीमुळे मिळालेली ही प्रसिद्धी त्यांपैकी बऱ्याच कार्टुनांच्या लायकीपेक्षा जास्त आहे.

दुसरी पद्धत अस्तित्वात होती, हे सांगायलाच हवं. जॉर्ज पाल हा हंगेरीहून आलेला बाहुलीपटकार. त्यानं जॅस्पर नावाच्या काळ्या मुलाच्या मालिकेत कलिंगडापासून सगळे साचे वापरले आणि टीका ओढवून घेतली. मग १९४६ मध्ये त्यानंच 'जॉन हेन्री अँड दि इंकी-पू' केला. वाफेच्या यंत्राशी हातोड्यानं शर्यत लावणाऱ्या काळ्या मजुराची ती लोककथा. बाहुल्या लाकडाच्या, पण जॉन हेन्री ताठ उभा, देखणा, आईवडिलांचा लाडका. ऑस्करसाठी नामांकन मिळालं. तीच माणसं, तोच स्टुडिओ, तेच लाकूड.

युद्धकाळातल्या जपान्यांच्या चित्रणाविषयी फार लिहावंसं वाटत नाही, कारण त्यात बारकावा शोधण्यासारखं काही नाही. अमेरिकेत राहणाऱ्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलेलं असताना १९४४ मध्ये बग्ज बनी हा ससा एका बेटावर जपानी सैनिकांना आइस्क्रीमच्या कांड्यांतून हातबॉम्ब वाटत होता आणि वाटताना त्यांच्या चेहरेपट्टीची टर उडवत होता. प्रचार होता, तो प्रचारासारखाच दिसतो.

स्पीडी गोन्झालेस या मेक्सिकन उंदराकडे वळू, कारण त्याच्यापाशी हा सगळा हिशेब उलटा होतो. १९५३ मध्ये रॉबर्ट मॅकिम्सनच्या कार्टुनात तो पहिल्यांदा आला तेव्हा ओबडधोबड होता. दोन वर्षांनी फ्रिझ फ्रेलेंग आणि हॉली प्रॅट यांनी त्याला नवं रूप दिलं: पांढरे कपडे, लाल गळपट्टा, डोक्यापेक्षा मोठी पिवळी सोंब्रेरो टोपी. १९५५ च्या त्या कार्टुनाला ऑस्कर मिळालं. कथा काय? मेक्सिकोचे भुकेले उंदीर तारेच्या कुंपणापाशी उभे आहेत. कुंपणापलीकडे अमेरिकेतला चीजचा कारखाना. पहाऱ्यावर सिल्व्हेस्टर मांजर. जो सीमा ओलांडायला जातो तो मांजराच्या तोंडी जातो. मग स्पीडीला बोलावणं धाडलं जातं. सिल्व्हेस्टर जाळी लावतो, सुरुंग पेरतो, उंदराचे सापळे अंथरतो, आणि स्पीडी वाऱ्यासारखा जाऊन चीज घेऊन येतो. आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, अमेरिकन सरकारनं मेक्सिकन मजुरांना धरून धरून सीमेपार पाठवण्याची प्रचंड मोहीम काढली होती. कारखान्याचा पहारेकरी मूर्ख आणि कुंपण ओलांडणारा नायक, असं कार्टून त्या वर्षांत अमेरिकन थिएटरांत हशा पिकवत होतं! बनवणाऱ्यांच्या मनात राजकारण असेल असं मला वाटत नाही. स्लॅपस्टिकला लहान, चपळ, कमजोर प्राणी जिंकलेला आवडतो. त्या कायद्यानंच कथेला तिकडे नेलं.

साचे इथेही आहेतच. बाकीचे उंदीर सुस्त, त्यातले काही झिंगलेले. स्पीडी सगळ्यांच्या बहिणींचा मित्र, असा चावट शेरा त्याची ओळख करून देतानाच येतो. पुढे आलेला त्याचा चुलतभाऊ स्लोपोक रॉड्रिगेस म्हणजे मेक्सिकोतला सर्वांत मंद उंदीर. स्पीडीचा आवाज मेल ब्लँकचा, म्हणजे तिथेही मेक्सिकन माणूस नाहीच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या कार्टून नेटवर्कनं ही कार्टुनं दाखवणं थांबवलं, मेक्सिकन लोकांचा अपमान होतो म्हणून. मग अपमान ज्यांचा होत होता म्हणतात तेच चिडले. अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांनी, त्यांच्या एका मोठ्या राष्ट्रीय संघटनेनं स्पीडी परत द्या म्हणून मागणी केली आणि २००२ मध्ये तो परतला. लॅटिन अमेरिकेत तर तो कधी नावडता नव्हताच. त्यांचा युक्तिवाद भाबडा नव्हता. टोपी, उच्चार, सुस्त गाववाले हे सगळं त्यांना दिसत होतं. पण त्या पडद्यावर आपल्यातला एकजण होता, तो दरवेळी जिंकायचा, आणि त्याच्या जाण्यानं तिथे दुसरं कुणी येणार नव्हतं.

चित्रं काढणाऱ्या टेबलांवर कोण बसलं होतं, हेही विचारायला हवं. पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंत काळा अ‍ॅनिमेटर जवळजवळ नव्हताच. फ्रँक ब्रॅक्स्टनची गोष्ट अ‍ॅनिमेशनवाले आवडीनं सांगतात. त्याचा मित्र बेन वॉशम हा वॉर्नरमध्ये चक जोन्सच्या हाताखाली अ‍ॅनिमेटर होता. तो व्यवस्थापकाकडे गेला आणि म्हणाला, आपल्या स्टुडिओत काळ्यांना घेत नाहीत असं ऐकतो. व्यवस्थापक उखडला, असं म्हणणारा खोटारडा आहे म्हणाला. छान, बाहेर एक काळा मुलगा काम मागायला बसलाय, असं वॉशमनं सांगितलं, आणि ब्रॅक्स्टन आत आला. पुढे तो कार्टुनवाल्यांच्या कामगार संघटनेचा अध्यक्षही झाला. डिस्नेत फ्लॉइड नॉर्मन १९५६ मध्ये आला. म्हणजे ज्या दशकात काळी माणसं टेबलापाशी पोचली, नेमक्या त्याच दशकात ती कागदावरून नाहीशी होत होती.

कारण निषेधाचा अर्थ स्टुडिओंनी आपल्या सोयीनं लावला. असं काढू नका, या मागणीचं त्यांनी काढूच नका असं भाषांतर केलं. नीट काढायला वेळ, पैसा आणि माणसं लागली असती. गाळायला कात्री पुरते. 'पुश-बटन किटी' ही मॅमीची शेवटची कथा. तिच्यात ती टपालानं यांत्रिक मांजर मागवते आणि टॉमला निरुपयोगी ठरवून घालवते. यंत्र बिघडतं, टॉम परत येतो, पण पुढच्या कार्टुनांत बाईच नसते.

जुन्या कार्टुनांचं काय करायचं हा प्रश्न टीव्हीनं उभा केला. साठीच्या दशकात टॉम-जेरी शनिवार सकाळच्या कार्यक्रमांत दाखवायचे ठरले तेव्हा चक जोन्सच्या चमूनं मॅमीची दृश्यं पुन्हा काढली. सावळ्या जाड पायांच्या जागी गोरे बारीक पाय आले. लिलियनचा आवाज पुसून जून फोरे या गोऱ्या कलावतीचा आयरिश हेलातला आवाज घातला. 'सॅटर्डे इव्हनिंग पुस'मधल्या पत्त्यांच्या क्लबाच्या जागी एक तरुण गोरी मुलगी नाचायला जाताना दाखवली. भूमिका बंद होणार नाही, फक्त माणूस बदलेल, हे लिलियन रँडॉल्फचं भाकीत इतक्या शब्दशः खरं झालं. गंमत अशी की आयरिश मोलकरीण हाही अमेरिकन विनोदाचा जुना साचाच. नव्वदीत आणखी एक आवृत्ती निघाली: पाय पुन्हा सावळे, आवाज थिया व्हिडाल या काळ्या अभिनेत्रीचा, व्याकरण सुधारलेलं. स्फोटानंतरचे काळे चेहरे कापले गेले, आणि स्कॉट ब्रॅडलीचं संगीत पावलागणिक चित्राला बांधलेलं असल्यामुळे कापलेली जागा डोळ्याला नाही तरी कानाला कळतेच. २००५ मध्ये वॉर्नरनं जुन्या कार्टुनांच्या डीव्हीडी संचात व्हूपी गोल्डबर्ग या अभिनेत्रीला पडद्यावर आणून सांगायला लावलं की यातलं काही तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे, पण ते झालंच नव्हतं असं दाखवणं हीही चूकच. २०१३ मध्ये मात्र टॉम-जेरीच्या एका संचातून 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसनोव्हा कॅट' वगळायचं ठरलं. चाहत्यांनी आरडाओरड केली आणि तो संचच बारगळला.

लिलियन रँडॉल्फ काम करत राहिली. १९७७ च्या 'रूट्स' मालिकेतही ती आहे. १९८० मध्ये ती वारली.

हॅना आणि बार्बेरांनी एमजीएमनंतर स्वतःची कंपनी काढली आणि टीव्हीसाठी कार्टुनांचा कारखानाच उघडला. अश्मयुगातली माणसं आली, अंतराळयुगातली आली, अस्वलं आली, कुत्री आली. ठळक काळं पात्र यायला १९७० उजाडलं. त्या वर्षी १२ सप्टेंबरला सीबीएसवर 'हार्लेम ग्लोबट्रॉटर्स' सुरू झालं, खऱ्या बास्केटबॉल संघावर बेतलेलं. शनिवार सकाळच्या कार्टुनांत बहुतेक सगळी मुख्य पात्रं काळी असलेलं हे पहिलंच. आदळआपट तीच, उड्या त्याच, प्रतिस्पर्ध्यांची फजिती तीच, आणि प्रत्येक खेळाडूला नाव, चेहरा आणि खोड्या. त्यातल्या बॉबी जो मेसन या खेळाडूला आवाज दिला होता एडी अँडरसननं. त्याआधीची कितीतरी वर्षं अमेरिका त्याला जॅक बेनीच्या रेडिओ कार्यक्रमातला रॉचेस्टर म्हणून ओळखत होती, म्हणजे बेनीचा नोकर.